तणसाची गाडी, काड्यापेटी आणि ऑटोक्रॉस

भंडारा जिल्ह्यात धान निघाला की रस्त्यांवरून तणसाचे डोंगर चालू लागतात. खाली बैलजोडी नाहीतर ट्रॅक्टर, वर पिवळाधमक ढीग, आणि ढिगाच्या टोकावर दोराला धरून बसलेलं एखादं पोरगं. लाखांदूरकडच्या आमच्या पांदणीत ते पोरगं मी होतो. वळण जवळ आलं की आजोबा खालून ओरडायचे, ‘‘वरतं नोको बसू बाबू, खाली उतर!’’

एका वर्षी मी उतरलो, पण गाडी उलटलीच. ते दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे. डावं चाक पांदणीच्या खोल चाकोरीत गेलं, ढीग कलला, उजवं चाक जमिनीवरून अलगद उचललं गेलं आणि हवेत सावकाश फिरत राहिलं. मग क्षणभर सगळं थांबलं. गाडी इकडे नाही, तिकडे नाही. बैलही थबकले. आणि मग अगदी हळू, जणू झोप आल्यासारखा, तो अख्खा डोंगर आडवा झाला.

तो थांबलेला क्षण माझ्या डोक्यातून कधी गेला नाही. तिथे नेमकं काय ठरत होतं? गाडीला ना वेग होता, ना कुणी धक्का दिला होता. पुढे मोटारींच्या हौशी शर्यतींचं वेड लागलं, ऑटोक्रॉसच्या गाड्या माती उडवत वळणावर एक चाक उचलताना पाहिल्या, तेव्हा कळलं की तोच क्षण तिथेही येतो, प्रत्येक वळणावर येतो. आणि त्याचा हिशेब काड्यापेटीवर करता येतो.

एक काड्यापेटी घ्या आणि स्टीलचं एक ताट. ताटाला तेलाचं बोट फिरवा. पेटी तिच्या घासायच्या पट्टीवर उभी ठेवा, म्हणजे खाली साधारण १.३ सेंटिमीटरची चिंचोळी बाजू आणि उंची साडेतीन सेंटिमीटर. आता ताट हळूहळू असं तिरपं करा की पेटीची रुंद बाजू उताराकडे येईल. पेटी उभ्याउभी घसरून खाली येते. आता ताटावर पोत्याचा तुकडा घट्ट ताणून तेच करा. या वेळी पेटी घसरत नाही. ती जागेवर तग धरते, धरते, आणि उतार २० अंशांच्या आसपास गेला की धाडकन कलंडते.

पेटी तीच, उतारही तोच. बदललं ते एवढंच, की दुसऱ्या वेळी पकड चांगली होती. आणि चांगल्या पकडीनेच तिला पाडलं.

ही गोष्ट पहिल्यांदा समजली तेव्हा मला एखादं गुपित हाती लागल्यासारखं झालं होतं. आपण सगळे समजतो की निसरडं ते धोक्याचं आणि घट्ट पकड ती सुरक्षित. रस्त्यावर थांबण्यासाठी, वळण्यासाठी ते खरंही आहे. पण उलटण्याच्या बाबतीत हिशेब फिरतो. जी गाडी घसरू शकते ती उलटत नाही. उलटण्यासाठी चाकाला आधी कशाला तरी घट्ट धरून ठेवावं लागतं.

२० अंशच का, हेही सोपं आहे. कोणत्याही वस्तूचं सगळं वजन जणू एका बिंदूत एकवटलेलं असतं, तो गुरुत्वमध्य. त्या बिंदूतून सरळ खाली ओळंबा सोडा. ओळंबा दोन्ही चाकांच्या मध्ये पडतो तोवर गाडी उभी. खालच्या चाकाच्या बाहेर पडला की गाडी गेली. म्हणजे दोनच मापं लागतात. दोन चाकांमधल्या अंतराचा अर्धा भाग आणि गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची. पहिल्याला दुसऱ्याने भागा. काड्यापेटीचं उत्तर येतं ०.३७ आणि त्याचा कोन बसतो २० अंश.

आता आमची तणसाची गाडी बघा. दोन चाकांत साडेचार फूट धरू आणि भाऱ्यांसह गुरुत्वमध्य सहा फुटांवर. सव्वादोन भागिले सहा, म्हणजे ०.३७५. अगदी ती पट्टीवर उभी केलेली काड्यापेटीच! एवढ्या गाडीला आडवं व्हायला एक चाक दुसऱ्यापेक्षा साधारण दीड फूट खाली जाणं पुरतं, आणि हेलकावा बसला तर त्याहून कमी. पांदणीतल्या चाकोऱ्या पावसाळ्यानंतर कशा असतात हे ज्याने पाहिलं आहे त्याला आणखी काही सांगायला नको.

या भागाकारात वजन कुठेच नाही, याचं मला फार नवल वाटतं. गाडी जड असेल तर तिला पाडणारी ओढ जड होते, आणि तिला जमिनीवर दाबून धरणारी ओढही तेवढीच जड होते. दोन्हीकडून वजन कटतं. म्हणून पाच ग्रॅमची पेटी आणि टनभराची गाडी एकाच कोनात कलंडतात. वजन किती, हा प्रश्नच नाही. ते कुठे आहे, हा प्रश्न आहे. गडेगावच्या अशोक लेलँडच्या कारखान्यात बनणारा गिअरबॉक्स ट्रकमध्ये कुठे बसतो? खाली, चौकटीत, इंजिन आणि आसांच्या सोबतीला. रिकामा ट्रक म्हणूनच खालून जड असतो. त्याच्यावर धानाची पोती शिगेपर्यंत चढली की तोच ट्रक वेगळा प्राणी होतो, आणि चालवणाऱ्याला तो पहिल्या वळणावर जाणवतो.

वळणावर नेमकं काय होतं ते आता बघू, कारण तणसाची गाडी उतारावर उलटते आणि मोटार सपाट जमिनीवर.

ऑटोक्रॉस हा मोटारशर्यतींमधला सगळ्यात साधा आणि हौशी माणसाला झेपणारा प्रकार. नाव एक असलं तरी देशादेशांत रूप वेगळं आहे. अमेरिकेत मोठ्या पार्किंगच्या डांबरावर रबरी शंकू मांडून वाट आखतात, आणि एक शंकू पाडला की वेळेत दोन सेकंद वाढतात. ब्रिटनमध्ये तो शेतात, गवतावर आणि मातीवर होतो. आपल्याकडचा ऑटोक्रॉस ब्रिटनच्या वळणाचा, म्हणजे मातीवरचा. महाराष्ट्रात पुणे-नाशिककडे ही हौस जुनी आहे. नाशिकला राष्ट्रीय रॅली स्पर्धेच्या फेऱ्याही झाल्या आहेत. गाड्या सहसा एकेक करून सुटतात, लढत घड्याळाशी असते आणि वाट सगळी वळणांचीच. देशातल्या या खेळाचे नियम फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया ठरवते.

भंडाऱ्याच्या माणसाला हौशी शर्यत म्हटलं की बैलजोड्यांचा शंकरपट आठवतो. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तो बंद पडला, १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा मान्य केला आणि पटाची मैदानं पक्की मोकळी झाली. पटात जोड्या सरळ रेषेत धावतात. सगळा जोर पुढे. जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याचं कसब बैलांना एका ओळीत, एका चालीत ठेवण्यात असतं. ऑटोक्रॉस याच्या बरोबर उलट आहे. तिथे सरळ रेषा जवळजवळ नसतेच, आणि सगळा खेळ आडव्या जोराचा. पटात वेगाची परीक्षा होते, इथे त्या भागाकाराची.

एक उदाहरण मांडतो. गाडी ९०० किलोची, चाकांमधलं अंतर दीड मीटर, गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटरवर. उभी असताना डाव्या चाकांवर ४५० किलो आणि उजव्या चाकांवर ४५०. आता ती जोरात डावीकडे वळली, इतक्या जोरात की बाहेर फेकणारी ओढ तिच्या वजनाच्या ०.८ पट झाली. कोरड्या डांबरावर चांगले टायर एवढं सहज पेलतात. या क्षणी डाव्या चाकांवर उरतात १८६ किलो, आणि उजव्या चाकांवर जातात ७१४. गाडीतून काहीही हललं नाही, एक पानाही जागचा सरकला नाही, तरी २६४ किलो एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेले. डावीकडची तांदळाची पोती उजवीकडे टाकावीत तसे. उलटण्याच्या दृष्टीने बघायचं तर ती गाडी त्या क्षणी ३९ अंशांच्या उतारावर आडवी उभी आहे. आत बसलेल्याला मैदान सपाट दिसतं, पण गाडीला लागतो तो डोंगर.

पुष्कळ हौशी मंडळींना वाटतं की कडक स्प्रिंग टाकल्या की हे वजन सरकायचं थांबेल. स्प्रिंगने गाडी कमी झुकते हे खरं, पण सरकणारं वजन जवळजवळ तेवढंच राहतं. ते ठरतं फक्त उंची, रुंदी आणि वळणाच्या जोरावर. स्प्रिंग आणि अँटी-रोल बार यांच्या हातात एवढंच असतं, की त्या वजनाचा किती वाटा पुढच्या चाकांनी उचलायचा आणि किती मागच्यांनी. मागचा बार कडक केला की मागचं आतलं चाक आपला सगळा भार शेजाऱ्याला देऊन मोकळं होतं आणि हवेत उठतं. ऑटोक्रॉसच्या फोटोंत छोट्या हॅचबॅक गाड्या कुत्र्याने पाय वर करावा तशा तीन चाकांवर वळताना दिसतात ते यामुळे. बघणाऱ्याचा श्वास अडकतो. पण ती गाडी उलटण्याच्या बेतात असतेच असं नाही, पुढचं आतलं चाक अजून जमीन दाबून असतं. डोळ्यांत तेल घालून बघायचं ते पुढच्या आतल्या चाकाकडे. तेही सुटलं, म्हणजे आतली दोन्ही चाकं गेली, तर मात्र माझ्या पांदणीतला तो क्षण आला.

आमच्या उदाहरणातल्या गाडीचा भागाकार येतो १.३६. डांबराची पकड साधारण ०.८ ते १. पकड भागाकाराहून कमी, म्हणून ही गाडी सपाट डांबरावर आधी घसरेल. कोरड्या मातीवर पकड आणखी कमी, म्हणजे आणखी निर्धास्त. पण गाडी उंच असेल, गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर असेल, तर तेवढ्याच रुंदीला भागाकार १.०७ वर उतरतो, आणि शर्यतीचे चिकट टायर लावले की पकड त्याच्याही वर जाऊ शकते. मग गाडी ताट-पोत्याच्या प्रयोगातल्या पोत्यावर आली. अमेरिकेतल्या रस्ता-सुरक्षा संस्थेने २००१ च्या मॉडेलांपासून गाड्यांना उलटण्याबद्दलचे तारे याच भागाकारावरून द्यायला सुरुवात केली. तिथले हौशी क्लबही त्याच्याकडे बघून उंच, अरुंद गाड्यांना शंकूंमध्ये उतरू देत नाहीत. आपल्याकडे भलीमोठी एसयूव्ही म्हणजे मजबूत असा समज आहे. पत्रा मजबूत असेलही. वळणावर विचारला जातो तो उंचीचा प्रश्न.

भागाकार कागदावर बरा असूनही गाडी पडू शकते हे मोठ्या कंपनीलाही शिकावं लागलं. ऑक्टोबर १९९७ मध्ये ‘टेक्निकेन्स व्हेर्ल्ड’ या स्वीडिश मासिकाने मर्सिडीजची नवीकोरी ए-क्लास तपासायला घेतली. स्वीडनच्या रस्त्यांवर मूस नावाचं सांबराहून कितीतरी मोठं हरीण एकदम आडवं येतं, म्हणून तिथे एक चाचणी असते. एकदम बाजूला घ्या, लगेच परत आपल्या बाजूला या. ताशी साधारण ६० किलोमीटर वेगाला गाडी पहिल्या वळणाला कलली, आणि परतीच्या वळणाला उलटली. कारण पहिल्या कलण्यातून स्प्रिंगा परत उसळत होत्या, नेमक्या तेव्हाच दुसरं वळण आलं. पाळण्याला योग्य वेळी हात लावला की तो जसा उंच जातो, तसं. ऑटोक्रॉसमध्ये ओळीने मांडलेल्या शंकूंमधून नागमोडी जाताना हेच घडतं. डावं, उजवं, डावं, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्या हेलकाव्यावर चढतो. निष्णात चालक त्या लयीच्या एक पाऊल पुढे राहतो. गाडी उसळी मारायच्या आधी हात हलवतो, आणि हात कमीत कमी हलवतो.

मर्सिडीजने विकलेल्या गाड्या परत बोलावल्या आणि सगळ्या ए-क्लासमध्ये ईएसपी बसवलं. वळण बिघडतं आहे असं दिसताच चारपैकी एकाच चाकाला क्षणभर ब्रेक लावणारी ही यंत्रणा तोवर महागड्या गाड्यांतच असायची. एका मासिकाच्या चाचणीने ती छोट्या गाडीपर्यंत आणली. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनसीएपीमध्ये तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर अशी स्थैर्य-यंत्रणा लागते. मला आणखी एक गोष्ट फार आवडते. ए-क्लास उंच होती, कारण तिला दुहेरी तळ होता, आणि त्या पोकळीत पुढेमागे बॅटऱ्या बसवायचा विचार होता. आज विजेवरच्या गाड्यांत बॅटऱ्या खरोखरच तळाशी बसल्या आहेत आणि त्यांच्या जडशीळ वजनामुळे गुरुत्वमध्य पार खाली गेला आहे. जी जागा रिकामी असताना गाडी उंच करत होती, तीच भरल्यावर गाडीला जमिनीशी बांधून ठेवते.

आता मातीकडे परत येतो, कारण खरा धोका तिथे आहे. मघाशी म्हटलं की माती निसरडी म्हणून गाडी घसरते आणि वाचते. मग मातीवरच्या शर्यतीत गाड्या उलटतात कशा? आडव्या घसरणाऱ्या चाकाला काहीतरी अडवतं म्हणून. दगड, जुन्या टायरची रांग, खड्ड्याची कड, बांधीचा धुरा. अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे एकट्या गाडीच्या उलटण्याच्या घटनांत सुमारे ९५ टक्के वेळा चाक असं कशाला तरी अडखळलेलं असतं. नुसत्या वळणाने उलटलेल्या गाड्या फार थोड्या.

अडखळायला वेग किती लागतो? आमच्या उदाहरणातल्या गाडीचा गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटरवर आहे. ती बाहेरच्या चाकांवर उभी राहिली की तो ९३ सेंटिमीटरवर जातो. म्हणजे फक्त ३८ सेंटिमीटर, हातभरही नाही, एवढा तो उचलला गेला की पुढचं काम पृथ्वी करते. हिशेब केला तर आडवा वेग ताशी साधारण २० किलोमीटर पुरतो. वीस! शाळेची घंटा ऐकून सायकल दामटणाऱ्या पोराचा वेग. गाडी पुढे किती वेगाने धावते आहे याला यात महत्त्व नाही. ती आडवी किती वेगाने सरकते आहे आणि तिला काय अडवतं, एवढंच.

मऊ मातीत तर अडायला दगडही लागत नाही. आडवं सरकणारं चाक नांगरासारखं माती खणत जातं, ती माती चाकाच्या पुढ्यात साचते, आणि चाक स्वतःच्या हाताने स्वतःसमोर धुरा बांधून त्यालाच अडखळतं. म्हणून नांगरलेलं शेत दिसायला कितीही मऊ असलं तरी आडव्या गाडीचा वैरी आहे. आणि म्हणूनच वाट आखणारा माणूस आदल्या दिवशी मैदान पायी तुडवतो. जलद वळणाच्या बाहेर मोकळी, कठीण, सपाट जागा आहे का? पाण्याचा पाट आहे का? गाडी चुकली तर कुठे जाईल? सकाळी गुळगुळीत असलेलं वळण पंधरा-वीस फेऱ्यांनंतर चाकोरीचं होतं, आणि त्या चाकोरीची कड वीतभर झाली की ती आडव्या चाकाला पकडायला तयार असते. चांगले आयोजक मध्येच शर्यत थांबवून माती सारखी करतात. प्रेक्षक वैतागतात, पण त्या दहा मिनिटांबद्दल मला फार आदर आहे.

चालकाच्या हातीही एक उपाय असतो, शिकायला अवघड. गाडी आडवी निघाली की घाबरलेला हात स्टिअरिंग वळणाच्या आत ओढतो, ब्रेक करकचून दाबला जातो, आणि गाडी आणखी आडवी होते. जाणता हात स्टिअरिंग घसरण्याच्या दिशेला सोडतो. शंकू पडतील, वेळ जाईल, पण चाक पुन्हा धावायला लागेल. आणि धावणाऱ्या चाकाला धुरा अडवत नाही, ते त्याच्यावरून उडी मारून जातं.

तरीही कधी गाडी जातेच. त्यासाठी आत नळ्यांचा पिंजरा असतो, रोल केज. त्यात तिरप्या नळ्या टाकून चौकोनांचे त्रिकोण केलेले असतात, कारण चौकोन दाबला की पतंगासारखा तिरका होतो, त्रिकोण होत नाही. आणि पट्टा. अमेरिकेतल्या आकडेवारीप्रमाणे गाडी उलटल्यावर पट्टा लावलेल्याचा जीव जाण्याची शक्यता न लावलेल्यापेक्षा सुमारे ७५ टक्क्यांनी कमी असते, कारण उलटणाऱ्या गाडीत मारतं ते मुख्यतः बाहेर फेकलं जाणं. नवख्याला आणखी एक सांगावंच लागतं. गाडी कलली की माणूस नकळत खिडकीतून हात बाहेर काढून जमिनीला टेकवू बघतो, घरात पडताना टेकवतो तसा. तो हात आतच ठेवायचा.

तणसाच्या त्या गाडीला ना पिंजरा होता, ना पट्टा. पुढच्या वर्षी तेच वळण आलं तेव्हा आजोबांनी मला उतरवलंच, शिवाय ढिगावरून एक दोर उजवीकडे टाकला आणि दोन गडी त्याला लोंबकळत चालू लागले. डावं चाक चाकोरीत गेलं. उजवं चाक चार बोटं उचललं गेलं आणि फिरू लागलं. गड्यांनी पाय जमिनीवरून सोडले, अंग पार मागे टाकलं, दोर करकरला. चाक हवेत फिरत होतं, आम्ही सगळे बघत होतो, आणि ते हळूच खाली येऊन मातीत बसलं.